सबब

शुक्रवारी सव्वासहाला तेजल कागद घेऊन आली
आणि तिनं दार लावून घेतलं.
आमच्या विभागाचं दार लागलं की
बाहेर अकाउंट्सवाले आवाज खाली आणतात,
आत कुणी आजारी असल्यासारखे.

डोळ्यांत घालायचे थेंब. पाच मिलीची बाटली.
अठराव्या महिन्याच्या तपासणीत एक आकडा
मर्यादेच्या खाली, शून्य पूर्णांक चार टक्क्यांनी.
चहात तेवढी साखर कमी पडली
तर कुणाला कळणारही नाही.

आम्ही चौघं आहोत इथं, अंबडच्या या दुसऱ्या मजल्यावर.
तेजल बोरस्ते, जिचे मसुदे मी फक्त स्वल्पविरामांसाठी वाचते.
इक्बाल कोकणी, ज्याला परवान्यांच्या मुदती
मुलींच्या वाढदिवसांसारख्या पाठ.
नवा आलेला सानप,
'महोदय' लिहून झालं की अजून पाणी पितो.
आणि मी.
माझं काम बहुतेक वेळा एवढंच,
"नाही" जेवणाआधी सांगायचं की नंतर, ते ठरवणं.

कारखान्यात आम्हाला ब्रेक म्हणतात.
एका दसऱ्याला मशिनांना हार घालता घालता
कुणी आमच्या कडीलाही झेंडू बांधून गेलं.
दिवाळी उलटली तरी मी तो काढला नव्हता.

देवरेसाहेब वर आले. बसले नाहीत.
"मॅडम, सोमवारी पुन्हा तपासू.
दोन दिवसांत कुणी आंधळं होत नाही."
ते खोटं बोलत नव्हते.
आमच्याच कार्यपद्धतीत 'विनाविलंब' लिहिलंय,
किती तास, ते लिहिलेलं नाही.
ही फट मला त्यांच्याआधी दिसली होती.
खरं सांगायचं तर
तिच्यातून बाहेर पडायचे तीन रस्ते
ते जिना चढत होते तेव्हाच माझ्या डोक्यात आखून झाले होते.
याचेच मला पैसे मिळतात.

अण्णा सीबीएसजवळ, कोर्टासमोर, अर्ज लिहायचे.
पत्र्याच्या पेटीवर टाइपरायटर, शेजारी पाण्याची बाटली.
माणसं रडत, भांडत, मधेच शेळीचं सांगत बोलायची,
अण्णा सगळं ऐकून घ्यायचे
आणि एका शब्दाशी येऊन थांबायचे: सबब.
सबब अर्ज की.
घरी मात्र मी अभ्यास टाळला की तेच ओरडायचे,
"सबब सांगू नकोस!"
लहानपणी मला कळायचं नाही,
एकच शब्द कोर्टात 'म्हणून'
आणि स्वयंपाकघरात 'बहाणा' कसा होतो.

खिडकीतून पांडवलेण्याचा डोंगर काळा पडत चालला होता.
खाली तिसऱ्या पाळीची बस लागली.
मी सानपला म्हटलं, लिही.
त्यानं बॅच नंबर लिहिला, तारीख लिहिली, आकडा लिहिला,
'सबब' लिहिलं
आणि मान वर करून पाहिलं.
"पुढे काय, मॅडम?"

तेजल माझ्याकडे बघत होती. इक्बालही.
देवरेसाहेब त्यांच्या बुटांकडे.
मला भीती वाटली, हे इथं लिहून ठेवते.
नोकरीची नाही.
या तिघांना आज जे दिसेल
तेच ते पुढे वीस वर्षं करत राहतील, याची.

"सबब सदर बॅच बाजारातून परत घेत आहोत."

आठ चाळीसला पत्र गेलं.
इक्बालनं कळवण, मालेगाव, इगतपुरीचे वितरक
एकेक करून फोनवर गाठले;
एकाच्या घरी साखरपुडा होता, मागे सनई ऐकू येत होती.
कार्यालयीन प्रतीवर मजकूर संपला तिथून खाली
मी पेनानं तिरकी रेघ मारली,
अण्णा मारायचे तशी.
कोरी जागा दिसली की कुणीही येऊन बसतं, म्हणायचे.

घरी जाताना पाथर्डी फाट्यावर औषधाचं दुकान उघडं होतं.
गाडी कडेला घेऊन आत गेले.
आमचीच बाटली मागितली, उलटी करून पाहिली.
दुसरी बॅच होती.
"देऊ का?" दुकानदारानं विचारलं.
मी उगाच कापूस घेतला.

सोमवारी देवरेसाहेब बोलले नाहीत.
मंगळवारी त्यांच्याकडून चहा आला.
साखर कमी होती,
की मलाच तसं वाटलं, माहीत नाही.