पावणेतीन तास

सुफियान म्हणाला, पहिल्या तीन सेकंदांत घागर आपट,
नाहीतर लोकांचं बोट पुढं सरकतं.
म्हणून मी आपटली.
तालमीच्या पायरीवर, नवव्या दिवशी, रिकामी.
मागं नंबरला लावलेल्या घागरी,
त्यांच्यावर ऑईलपेंटनं आडनावं:
शिकलगार, चौगले, भोपळे.
माझ्या हातातलीवर जमदाडे.

मग बोलले.
आमच्या गल्लीत थेंब नाही, आणि वरच्या कॉलनीत
नगरसेवकाच्या पोर्चमध्ये रोज गाडी धुतात,
दीड तास पाणी, खणखणीत प्रेशरनं.
अठ्ठावीस सेकंदांत एवढंच बसलं.
मधे घेतलेला श्वास सुफियाननं कापला.

संध्याकाळपर्यंत चाळीस हजार.
"नाद खुळा ताई." "जाळ आणि धूर संगटच."
एकानं सांगितलं, आधी अभ्यास कर.
कुणीतरी माझा आवाज काढून हलगी लावली,
ती माझ्यापेक्षा जास्त चालली:
घागर, हलगी, घागर, हलगी,
पाणी हा शब्दच नाही त्यात.

आणि खाली, दोनशे लाइक घेऊन:
"त्या चावीवाल्याला धरून चोपा आधी."

चावीवाला आत जेवत होता.
दाराआड त्याची चार फुटी लोखंडी चावी,
तिचा गंज त्याच्या तळव्यात कायमचा.
एकवीस वर्षं पहाटे तीनला उठून
रस्त्याखालचे व्हॉल्व्ह फिरवतो.
कुणाची लाइन किती वेळ, ते साहेब फोनवर सांगतात.
कागदावर कधीच नाही.

ताट सरकवून म्हणाला, दाखव.
आईनं उगाच भांडी वाजवली.
त्यानं बघितलं. परत बघितलं.
घागर आपटली तेव्हा दोन्ही वेळा डोळे मिटले.
मला वाटलं, आता मोबाइल भिंतीवर.

"आवाज बारीक येतोय.
वाऱ्याकडं पाठ करून उभं ऱ्हात जा."

हात धुवायला उठला.
तांब्यात बोटांपुरतं होतं.
पाठमोराच म्हणाला,
"आणि दीड तास न्हवं. पावणेतीन.
बोलायचं तर बरोबर बोलावं."

रात्रभर तो आकडा तोंडात धरून पडले.
म्हटला, तर सगळ्यांना कळणार कुणी सांगितला.
घड्याळ लावून मोजणारा माणूस एकच आहे.

तीनला कडी वाजली, चावी फरशीला घासली,
सायकल गेली.

सुफियानचा मेसेज: सातला येऊ? उजेड चांगला असतो.
टाइप केलं, पुसलं.
घागरीला पोचा पडलाय,
जमदाडेच्या शेवटच्या मात्रेवर.
भिंतीकडं फिरवून ठेवली होती आईनं.
मी परत सरळ केली.