बर्फाचा बांध

नोव्हेंबरातला पहिला बर्फ लांब लोटायचा,
गरज नसली तरी, पार झाडांपर्यंत.
हे मला वर्नर कांगासनं शिकवलं,
आमचं बोलणं होतं तेव्हा.
आज जिथं ढीग सोडशील तिथं तो गोठून बसेल,
मग फेब्रुवारीत लोटायला जागा कुठली?
फेब्रुवारी, तो म्हणायचा,
कॅलेंडरात दिसतो तेवढा लहान नसतो.

माझी एटीव्ही म्हणजे ट्रॅक्टरच्या घरात
चुकून जन्मलेली मोटारसायकल.
पुढं पाच फुटी पातं, चाकांना साखळ्या,
मागच्या रॅकवर वाळूची दोन पोती,
नाहीतर मागची चाकं जागच्या जागी गरगरतात,
पुढं काही जात नाही.
थ्रॉटल अंगठ्यानं दाबायचा.
डिसेंबर संपेपर्यंत माझा अंगठा
झोपेतही वाकलेला असतो.

सुपिरियर सरोवरावरून ढग येतात
आणि आमच्यावर रिकामे होतात, पोती झटकावीत तसे.
पहाटे चारला मी माझी वाट काढते,
कारण सहाला शाळेची बस काढायची असते.
तेवढ्यात काउंटीचा मोठा नांगर येतो
आणि वाटेच्या तोंडाशी
ढेकळांचा बांध घालून जातो.
त्याला शिव्या दिल्या की थोडी ऊब येते.

बांधाचंच भांडण आमचं.
तीन वर्षांपूर्वी घाईत माझा ढीग त्याच्या हद्दीत गेला,
रास्पबेरीच्या काड्या मोडल्या,
एप्रिलमध्ये वितळून पाणी त्याच्या सौनात शिरलं.
त्यानं काही म्हटलं नाही.
हद्दीवर नारिंगी काठ्या ठोकल्या.
अकरा.
मी खिडकीतून मोजल्या.

जानेवारीत एका रात्री तीनला फोन वाजला.
सिल्वी, त्याची बहीण, डुलुथहून.
वर्नरच्या छातीत दुखतंय, अँब्युलन्स निघाली आहे,
त्याची वाट बंद आहे,
आणि त्यानं तुला सांगू नको म्हटलंय.

बॅटरी स्टोव्हजवळ ठेवलेली असते, लेकरासारखी.
ती काखेत घेऊन धावले.
बोल्ट आवळताना बोटांची कातडी पान्याला चिकटली.
इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा धरलं.

त्याच्या वाटेवर दिवे टाकले तेव्हा कळलं.
वाट अरुंद होत होत हातगाडीएवढी उरली होती.
डावीकडं त्याचं लाकूड रचलेलं.
उजवीकडं काठ्या.
आणि काठ्यांच्या अलीकडं, एक वीतसुद्धा पलीकडं नाही,
उभाच्या उभा कडक ढीग,
तीन महिने एकावर एक चढवलेला.
ज्यानं मला लांब लोटायला शिकवलं
तो माझ्याकडं एक पाटीभर बर्फ
जाऊ देत नव्हता.

पातं उजवीकडं तिरकं केलं.
पहिल्या धडकेत मीच हँडलवर आदळले.
मागं घेतलं, पुन्हा.
मागं घेतलं, पुन्हा.
कुठंतरी कडकन आवाज झाला, मग आणखी एक.
काठ्या होत्या.
बर्फ माझ्या अंगणात ओतला, सगळा,
माझ्या पक्ष्यांच्या दाण्याच्या खांबापर्यंत.
लाल दिवा वळणावर दिसला तेव्हा
वाट गाडीएवढी झाली होती,
दोन्ही बाजूंना थोडी थोडी जास्तच.

स्ट्रेचरवरून त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.
ढिगाकडं पाहिलं.

मे उजाडला तरी तो ढीग होता,
काळा, भोकाभोकांचा, सगळ्यांत शेवटी गेलेला.
खाली एक हातमोजा निघाला, मोडक्या नारिंगी काठ्या,
आणि खडी. पात्यानं वाटेवरून खरवडून नेलेली,
त्याची आणि माझी, एकाच गवतात.
मी पंजा घेऊन ओढायला लागले.
थोड्या वेळानं पलीकडून दुसऱ्या पंजाचा आवाज.
कोट त्याला मोठा झाला होता.
तो चार ओढी ओढायचा आणि थांबायचा.

खडीला नाव नसतं.
जी ज्याच्या पंज्यात आली ती त्याच्या वाटेवर गेली.

दुपारी तो म्हणाला,
तीन वर्षांतलं पहिलं वाक्य,
“तू मला दोन काठ्या देणं लागतेस.”

“नोव्हेंबरात देते,” मी म्हटलं.

त्यानं जरा विचार केला.
“घाई नाही,” म्हणाला.