तिसरी पायरी

ताल्लिनला आम्ही गेलो होतो बिअर आणायला.
खरं तेच सांगते.
सकाळच्या बोटीनं जायचं, दोन खोकी घ्यायची,
संध्याकाळी हेलसिंकी, तिथून बसनं कोत्का.
इतिहासाबितिहासाशी देणंघेणं नव्हतं.
पण परतीच्या बोटीला तीन तास होते
म्हणून चढलो त्या गल्लीत,
जिचं नावच आखूड पाय.
दुसरी एक आहे, लांब पाय.
आमचं शहर लंगडतं, म्हणतात तिथले लोक,
आणि स्वतःच हसतात.

तिसऱ्या पायरीला ताइस्तोचा गुडघा बोलला.
बसला तिथंच, पिवळ्या रेनकोटात, खोकं मांडीशी,
आणि उघडला डबा,
धुरावर शेकलेल्या बारक्या माशांचा.
मी वरपर्यंत जाऊन आले. एकटी. रागानं.

बारा वर्षं झाली.
परवा वाचनालयातल्या पिर्क्कोनं हातात ठेवली कादंबरी,
मोठ्या टायपातली, माझ्या डोळ्यांची कीव करून.
गाव तेच, नाव जुनं : रेवाल.
साल पंधराशे काहीतरी. साथ आलेली.
औषधवाल्याकडची मोलकरीण, वेंडेला.

पहिली पन्नास पानं मी नुसती मिरवत होते.
चौक आला, की, माहितेय.
मनोरा आला, की, मागून वळ गं पोरी,
तिथं वारा लागत नाही.
लेखकानं तिला डावीकडून नेलं
तर पुस्तक मिटून भांडले त्याच्याशी :
अहो, चढ डावीकडे आहे, मी गेलेय!
मग नकाशा काढला. चढ उजवीकडे.
माफी कुणाकडे मागायची?
कॉफी ओतली, पुढं वाचू लागले.

भिंतीला हात लावला की ओल बोटांत राहते,
हे मात्र त्यानं बरोबर लिहिलंय.
लोकरी मोजे विकणारी म्हातारी नाही त्यात.
आणि जिथं मी शौचालय शोधत वणवणले
तिथं गाड्यांवरून मीठ उतरतंय.
मला दोन्ही दिसतं.
मिठावर पाय न देता मी शौचालय शोधते.

काल रात्री, पान दोनशे चौदा.
वरच्या गावाचा दरवाजा नऊला लागणार,
घंटा सुरू झालीय,
वेंडेला पळतेय, शालीखाली बाटली,
वर कुणाचं तरी पोर तापानं फणफणलेलं.
अंधार. पायऱ्या मधोमध झिजलेल्या,
तिला ठाऊक, मलाही.
पहिली.
दुसरी.
आणि तिसरीवर, काय सांगू,
पिवळा रेनकोट.
मांडीशी खोकं, तेलकट बोटं,
पाचशे वर्षं आधीच येऊन बसलेला माझा नवरा.

सरक रे जरा, म्हटलं मी,
मोठ्यानं, रिकाम्या स्वयंपाकघरात,
तिला जाऊ दे.

आणि सरकला!
हयातीत कधी पहिल्या हाकेला हलला नव्हता.

दरवाजा तिला गाठला की नाही, ठाऊक नाही.
पान उलटलेलं नाही अजून.
पुस्तकाची मुदत शुक्रवारी संपते.
पिर्क्कोला सांगून वाढवून घेईन.