जोडीतली एक

अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत
मागांच्या खडखडाटावर मात करायची म्हणून
अंबूबाई येमूल ओरडूनच बोलतात.
मी राणी बघायला गेलो होतो.

राणी तेंदूपानांच्या थप्पीवर बसलेली,
पानं उडू नयेत म्हणून.
वीतभर उंच, नुसती खांद्यापर्यंत,
चकाकी न दिलेली चिनी माती,
चाळलेल्या पिठासारखी पांढरी.
गळ्यात मोत्यांचे तीन पदर,
एकेक मोती सुईच्या टोकाने उठवलेला.
नाकाचा शेंडा उडाला होता,
तिथे नातीने नेलपॉलिश लावून दिलं होतं.

भिंग काढलं. राणी उलटी केली.
आत पोकळ. पोकळीत रेशनकार्डाची घडी,
विड्या बांधायच्या दोऱ्याचं रीळ, तंबाखूचा वास,
आणि काठाशी निळ्या रंगात
एक परकं अक्षर. त्यावर मुकुट.
हात थरथरला. मी म्हणालो, ऊन फार आहे.

माझ्या कपाटात असे सतरा जण आहेत.
बँकेत तीस वर्षं दुसऱ्यांच्या नोटा मोजल्यावर
मला कुणाचं तरी राज्य हवं होतं.
रशियाचं मिळालं. मानेपासून वरचं.

"गिरणीच्या सायबाच्या बंगल्यातलं हाय.
गिरणी बंद पडली तवा थकलेल्या पगारात
कुणी खुर्ची उचलली, कुणी घड्याळ.
आमचे मालक ही दोघं घेऊन आले."

दोघं?

"राजा बी होता की. दाढीवाला.
हे रंगखात्यात, कोपरापर्यंत हात निळे.
चार दिवस त्याच्याकडं बघत बसले.
पाचव्या दिवशी म्हणाले, हा खातो काय?
आणि आपटला."

आणि हिला?

"हिला मी धरली. पानांवर वजन पायजे होतं."

तुकडे? माझा आवाज मलाच ओळखू येईना.
बाईंनी हनुवटीनेच दाराकडे दाखवलं.
रंगाचा जुना डबा. त्यात कढीपत्ता,
माझ्या छातीइतका, काळाभोर हिरवा.
"तळाला घातले. पाणी निचरतं चांगलं."

मी मनात दाढी जुळवू लागलो.
पदकं, खांद्यावरची झूल, एखादा शाबूत कान,
कोरणी, डिंक, सहा महिने.
खणू का, म्हणून तोंड उघडलं,
तेवढ्यात त्यांनी एक डहाळी मोडून हातात दिली.
"घ्या. फोडणीला. नुसता वास बघा."

राणीचा आकडा मी तीनदा वाढवला.
त्या पान कात्रीने कापत राहिल्या.
"मग पानांवर काय ठेवू?"
एवढंच.

सात रस्त्याच्या सिग्नलला आठवलं,
राणीचे कान टोचलेले आहेत की नाहीत,
ते बघायचं राहूनच गेलं.
खिशातला कढीपत्ता घामाने ओला.

मंगळवार बाजारातून दोन किलोचं
लोखंडी माप घेऊन ठेवलंय.
गुरुवारी परत जाणार.
राजाचं अजून कुणाला बोललो नाही.