कोरी ओळ

सावद्यात रात्रीचे साडेअकरा.
केळी ग्रुपच्या ऑफिसात मी आणि एक कुरकुरणारा पंखा.
टेबलावरचे तीन फोन वाजून दमलेत.
चिनावल, फैजपूर, निंभोरा, सगळ्यांचं एकच:
पानावर भाव कालचाच का?

भाव आजचा आहे. संध्याकाळी मीच टाकला.
पण ज्याच्या-त्याच्या मोबाइलनं
कालचं पान घडी घालून खिशात ठेवलंय,
कारण त्याला कुणी सांगितलंच नाही
की हे ठेवायचं नसतं.
हे पानात लिहून भागत नाही.
पानाच्या आधी जी चिठ्ठी जाते,
तिच्यात लिहावं लागतं: साठवू नकोस.

लिहिलं.
आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली,
हेडर आता बदलता येणार नाही, हेडर आधीच गेले.
फाइल भाव, ओळ एक.

ओळ एकवर काहीच नव्हतं.
म्हणून मी ओळ चाळीस पाहिली, मग दोनशे अकरा,
मग गेल्या वर्षी सोडून गेलेल्या पोराला मनात शिव्या घातल्या.

"काय म्हनतं रे ते लाल?"
तापीराम बोंडे. आता इथे रात्रीची राखण,
त्याआधी सावदा स्टेशनच्या मालधक्क्यावर एकतीस वर्षं
वाघिणींची लेबलं.
सांगितलं त्यांना: काका, आधी चिठ्ठी निघते.
माल कसला, चित्र की मजकूर की नुसते आकडे,
वजन किती, लिपी कोणती, किती वेळ टिकायचा.
मग एक कोरी ओळ.
तिच्या पलीकडे माल.
मालाचा एक कण जरी हलला
तरी चिठ्ठीला हात लावता येत नाही.

"नाहीच लावता येत," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढली.

दिल्लीच्या वाघिणीवर त्यांनी एकदा झाशी लिहिलं होतं.
कळलं तेव्हा गार्डची शिट्टी होऊन गेली होती.
खडू घेऊन गिट्टीतून पळाले, चप्पल तिथेच राहिली.
निंभोऱ्याला फोन लावला.
घंटी वाजत राहिली.
झाशीला तीन दिवस कुणी दारच उघडलं नाही.
"उघडलं तं आत केळी नव्हती. काळं पानी होतं."
पगारातून सोळा रुपये कापले.
सोळाच.
हे त्यांना अजून खुपतं.

"मंग गाडी उभीच ठेवाची ना,
समदं लिहून होईस्तोवर?"
ठेवता येते. त्याला बफर म्हणतात.
सगळा माल धक्क्यावर अडवायचा, शेवटी एकदम सोडायचा.
पण गळती कुठे आहे ते न बघता
फाटक लावून घेणं मला पटेना.

परत ओळ एक.
खरंच काही नव्हतं.
आणि प्रोग्राम सुरू होत होता ओळ दोनपासून.

संध्याकाळी घाईत कुणीतरी एंटर दाबला होता.
कुणीतरी म्हणजे मीच.
ती रिकामी ओळ
माल समजून पुढे निघून गेली होती,
आणि तिच्यामागे माझी चिठ्ठी
हातात खडू घेऊन पळत होती.

एक बोट. गेली.

"काय काढलं?"
काही नाही काका. कोरी ओळ.
"येवढ्यासाठी दोन घंटे?"

माझ्या मोबाइलवर आजचा भाव आला.
पण ज्यांच्या खिशात कालचं पान आहे,
त्यांना माझी नवी चिठ्ठी पोचणार नाही.
ते विचारायलाच येणार नाहीत,
त्यांना वाटतं त्यांच्याकडे आहे.
पहाटे चारला कापणीवाले बागेत शिरतील.

मी वही काढली, नंबर मोजले. एकशे सात.
तापीरामकाकांनी चष्मा पुसला,
पहिला फोन स्वतःकडे ओढला.
"निंभोरा मी लावतो," म्हणाले.

घंटी वाजली.
पुन्हा वाजली.
मी टाइप करायचं थांबलो.

"हॅलो," कुणीतरी झोपेतून म्हणालं.