वी

चर्चच्या छताला लॉरिड्स क्यारनं जहाज टांगलं,
कॉटनवुडच्या फळीचं, हातभर लांब,
शिडं आबेलोनेच्या लग्नातल्या परकराची.
समुद्र तिथून हजार मैल.
आयोवातली आम्ही पोरं विचारायचो,
मास्तर, हे कुठं निघालंय?
तो म्हणायचा, निघालेलं नाही. आलंय.

रविवारी पाद्री, सोमवारी मास्तर.
कोट तोच, बाह्यांना खडू,
खिशात साखरेचे खडे.
एक दातांत धरून कॉफी प्यायचा,
दुसरा पाढे चुकणाऱ्याला द्यायचा.
बरोबर म्हणणाऱ्याला कशाला, त्याचं तोंड गोडच आहे.

यूटलंडच्या माळावर मेंढ्या राखलेला माणूस.
मक्यात वारा शिरला की बोलता बोलता थांबायचा,
कान द्यायचा,
मग म्हणायचा, छे. तो नव्हे.

एका हिवाळ्यात घटसर्पाच्या तीन शवपेट्या.
तिसरी त्याच्या सिग्नेची.
दुसऱ्या दिवशी त्यानं भूमिती घेतली.
वर्तुळ काढलं, खडू केंद्रावर टेकवला
आणि तसाच उभा राहिला.
शाळेची घंटा वाजवायचा तोच,
त्यामुळे ती झालीच नाही.
अंधार पडल्यावर आम्ही एकेक करून उठलो.

मग युद्धाचं वर्ष. हुकूम आला :
शाळा असो, प्रार्थना असो, टेलिफोन असो,
इंग्रजीखेरीज अवाक्षर नाही.
शेरिफचा माणूस शेवटच्या बाकावर, हॅट मांडीवर.

साठीचा मास्तर आमच्या दारात उभा राहिला.
मी अकरा वर्षांची, निस द्यूरहोल्मची थोरली.
ओलुफीने, म्हणाला, मला शिकव.
चुलीपाशी आमची उलटी शाळा.
इंग्रजीतल्या 'आपण'पाशी गाडी रुतायची.
ओठांचा चंबू करा मास्तर,
दिवा विझवताना करता तसा!
तो चंबू करायचा, आणि ऐन वेळी
वरचे दात खालच्या ओठावर.
बाहेर पडायचं ते आमचं,
डॅनिश 'वी'. अर्थ तोच : आपण.
महिनाभर घासलं. सुटलं नाही.
रागानं मी पाटी आपटली एकदा.

रविवारी त्यानं प्रवचन वाचलं
खडीवरून गाडी न्यावी तसं.
म्हाताऱ्यांना ओ की ठो कळेना.
पण मध्येच : वी.
माना वर.
चार वाक्यं सोडून पुन्हा : वी.
बेन्टे आजीनं रुमाल काढला.
शेरिफचा माणूस जांभई देत होता,
त्याच्या कानावर इंग्रजीच पडत होतं.
मी बोटांवर मोजत होते. सदतीस.
सदतीस वेळा माझी शिकवणी वाया.

मास्तर गेल्यावर पुष्कळ वर्षांनी,
वाटाणे सोलताना,
आबेलोनेला मी हे सांगितलं. अजून लाज वाटते, म्हटलं.
तिनं शेंग खाली ठेवली.
अगं, येत होतं त्याला.
पहाटे गोठ्यात गायींपुढं म्हणायचा,
अगदी चोख,
कंदील विझेल असा.