न चालणारं नाणं

कन्ना चौकात रिक्षावाल्यानं नाणं उलटं केलं,
उन्हात धरलं.
"मावशी, ह्याच्यावर बगळा आहे की ओ.
हे चालत नाही."

अंबादास जहाजावर लाँड्रीत आहे.
घरचं एक माणूस फिरवायला मिळतं, म्हणून मी गेले.
चार दिवस पाणीच पाणी, आणि एका सकाळी
गोल काचेत डोंगर, डोंगरावर रचलेल्या इमारती,
कारखान्याच्या मागल्या खोलीतल्या टॉवेलांच्या थप्प्यांसारख्या.
"बुसान," तो म्हणाला. "सहा तास आहेत, आई."
त्यातला एक शिक्के मारून घेण्यात गेला.

बसमधून पूल, बोगदा, परत पूल,
आणि पाट्यांवर अक्षरं: गोल, काठ्या, अर्धवट चौकटी.
मराठी मी दुकानांच्या पाट्यांवरूनच उचलली होती,
आठवडा मिळता तर हीही उचलली असती.
आठवडा कुठला.

मासळीबाजारात तो रेंज शोधत पुढे गेला
आणि मधे गर्दी शिरली.
हरवलेल्या माणसानं जागचं हलू नये,
गड्ड्यावर मीच त्याला शिकवलं होतं.
उभी राहिले.

गुलाबी रबरी मोजे घातलेल्या एका बाईनं
पायानंच स्टूल सरकवलं.
माझ्याच वयाची. टबात वाम वळवळत होते,
खळीत बुडवलेल्या सुताच्या लडींसारखे.
ती तिच्या भाषेत बोलली, मी तेलुगूत;
मराठीला कशाला त्रास.
मग तिनं मोजा काढला, हात पुसला,
माझ्या पदराचा काठ दोन बोटांत धरून चोळला,
साखर पेठेतला दलाल चोळतो तसा,
भाव पाडायच्या आधी.
"रंग पक्का आहे," मी म्हटलं. "जात नाही."
ती हसली. एक दात चांदीचा.

पिशवीतून कडक भाकरी काढली, शेंगाचटणी.
तिनं भाकरी मोडली तो आवाज ऐकून
शेजारच्या दोघी वळल्या.
चटणी तिनं परत मागितली.
पैसे नको म्हटलं तर मुठीत नाणं कोंबून
मूठ दाबली. हात गार, खारट वासाचा.

तेवढ्यात अंबादास आला, ओरडला,
मग माझ्या दंडाला धरून नुसता उभा राहिला.

शेजारणी विचारतात, कोरियात काय पाहिलंस?
एक स्टूल, मी म्हणते. त्यांना वाटतं, सांगायचं नाही हिला.

"मावशी, दहा रुपये."
देते. बगळा परत घेते.

चालणार नाही, ठाऊक होतं.
दाखवायचा होता कुणाला तरी.